एसएचपीईची विद्यार्थी शाखा: अधिवेशन दमदार, अभ्यासाचं टेबल तपासून घ्या

सोसायटी ऑफ हिस्पॅनिक प्रोफेशनल इंजिनिअर्स, म्हणजेच एसएचपीई, ही संस्था लॉस एंजेलिस शहराच्या नोकरीतल्या काही इंजिनिअरांनी १९७४ मध्ये सुरू केली. आज अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत तिच्या शाखा आहेत. लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, विद्यार्थ्यांना इंजिनिअरिंगमध्ये परकं वाटू नये, या कसोटीवर मात्र शाखाशाखांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

वार्षिक अधिवेशन हा हुकमी एक्का. कंपन्या तिथेच मुलाखती घेतात. अधिवेशन साधारण शरदात असतं, त्यामुळे रेझ्युमे सत्र सुरू होतानाच तयार हवा. राष्ट्रीय सभासदत्व आणि शाखेची वर्गणी या वेगळ्या गोष्टी; एक भरून दुसरी राहिली की प्रवासखर्चाच्या वेळी घोळ होतो. डाका (DACA), म्हणजे लहानपणी अमेरिकेत आलेल्या विनाकागदपत्र मुलांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारी योजना; तिच्याखालच्या विद्यार्थ्यांनी संरक्षण कंपन्यांच्या रांगेत उभं राहण्याआधी विचारावं. आयटार (ITAR), म्हणजे शस्त्रास्त्रं आणि संरक्षण तंत्रज्ञानाच्या निर्यातीचे अमेरिकी नियम; त्यांच्याखालच्या कामाला सहसा नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित किंवा आश्रय मिळालेलेच घेतात; डाका त्यात बसत नाही. ही चाळणी शाखेनेच आधी लावून द्यायला हवी, पण फार थोड्या शाखा एवढे कष्ट घेतात.

शाखेचा खरा कस लागतो तो स्टॅटिक्समध्ये, म्हणजे स्थिर वस्तूंवरच्या बलांच्या विषयात. शाखेच्या चांगल्या अभ्यासाच्या टेबलावर चार-पाच जण आणि नुकताच तो विषय पास झालेला एक सीनियर असतो. पहिली दहा मिनिटं प्रत्येकाने एकट्याने फ्री-बॉडी डायग्राम, म्हणजे एका वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती, काढायचा, मग वह्या शेजारीशेजारी ठेवायच्या. पिनच्या आधाराला दोन प्रतिक्रिया, रोलरला एकच. यातलीच चूक निम्म्या वह्यांत सापडते, आणि ‘मला एकट्यालाच जमत नाही’ हा समज तिथेच गळून पडतो. सीनियरने फळ्यावर गणित सोडवायचं आणि बाकीच्यांनी उतरवून घ्यायचं, अशा टेबलावर तो समज उलट घट्ट होतो.

लॅबमधलं दुखणं शाखेच्या हाताबाहेरचं. गटातली एकुलती लॅटिना दर वेळी रिपोर्ट लिहिते, ऑसिलोस्कोपला हात दुसरेच लावतात. कामं दर आठवड्याला फिरती ठेवणं प्राध्यापकांचं काम आहे. शाखा फार तर तसा आग्रह धरू शकते.

संध्याकाळी सहाची बैठक घरून ये-जा करून नोकरी करणाऱ्यांना हमखास चुकते. दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून थेट तिसऱ्या वर्षाला आलेल्यांचे हाल वेगळे: तोवर कंपू ठरलेले असतात. त्यांच्यासाठी वेगळा पदाधिकारी आणि दुपारचं एखादं टेबल आहे का, हे वर्गणी भरण्याआधीच विचारून घ्या.