ब्रेन वर्कशॉप : रक्तदाबाच्या रुग्णांनी या स्मृतिव्यायामाकडून किती अपेक्षा ठेवावी?

ब्रेन वर्कशॉप हा संगणकावर मोफत मिळणारा स्मृतिव्यायाम आहे. पडद्यावर तीन बाय तीन घरांची चौकट असते. दर तीन सेकंदांनी तिच्यातल्या एका घरात चौकोन उमटतो आणि त्याच वेळी एक इंग्रजी अक्षर ऐकू येते; हे झाले एक पाऊल. दोन पावलांपूर्वीचेच घर पुन्हा आले तर ‘ए’ आणि दोन पावलांपूर्वीचेच अक्षर पुन्हा आले तर ‘एल’ ही कळ दाबायची. २४ पावलांची ही फेरी सव्वा मिनिटात आटोपते, पण तेवढ्यातही चांगलाच कस लागतो. ८० टक्के गुण मिळाले की तीन पावले मागचे आठवावे लागते आणि तिथे भल्याभल्यांची गाडी अडते.

उच्च रक्तदाब वर्षानुवर्षे आटोक्याबाहेर राहिला, तर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते आणि त्याचा फटका बऱ्याचदा विचारांचा वेग, एकाग्रता आणि कार्यस्मृती यांना बसतो. कार्यस्मृती म्हणजे फोनवर ऐकलेला ओटीपी टाइप होईपर्यंत मनात धरून ठेवण्याची ताकद. त्यामुळे असा व्यायाम करून पाहावासा वाटणे स्वाभाविक आहे. सरावाने या खेळात प्रगती होते, हेही खरे. मात्र या प्रकारच्या व्यायामाने एकूण बुद्धी वाढते, असा २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष पुढच्या काटेकोर प्रयोगांत टिकला नाही. खेळातले कौशल्य बहुतांशी खेळापुरतेच राहते, असे आजवरचे पुरावे सांगतात. पैसे घेणाऱ्या कार्यक्रमांचीही वेगळी कथा नाही. ल्युमोसिटी या अशाच एका कार्यक्रमाच्या कंपनीला तर जाहिरातीतल्या निराधार दाव्यांबद्दल २०१६ साली अमेरिकेत २० लाख डॉलर भरावे लागले.

याउलट, अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट’ या ९,३६१ जणांच्या अभ्यासात वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात सौम्य स्मृतिदोषाचे प्रमाण, १४० चे उद्दिष्ट असलेल्या गटापेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी आढळले. स्मृतिभ्रंशातला फरक मात्र ठामपणे सिद्ध झाला नाही. किती खाली आणायचा हे अर्थातच डॉक्टरांनी ठरवावे, पण मेंदूसाठी काही करायचे असेल तर बीपीच्या गोळीचा क्रमांक या खेळाच्या फार आधी लागतो.

एवढे मान्य करून खेळायचे असेल, तर हे साधन उत्तम आहे. जाहिराती नाहीत, वर्गणी नाही. खेळात ऐकू येणाऱ्या आठ अक्षरांपैकी ‘सी’ आणि ‘टी’ यांचे उच्चार जवळचे असल्याने ज्येष्ठांनी हेडफोन लावावा. मनावरच्या ताणाने रक्तदाब तात्पुरता चढतो, म्हणून फेरी संपताच मोजायला बसू नये. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता पाच मिनिटे बसावे आणि मगच दंडाला पट्टा बांधावा.