डिक्स पिक्स की डेव्हज पिक्स? दोन्ही बाळगून झाल्यावरचं मत

ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचे जुने लाइव्ह शो सीडीवर घ्यायचे म्हटलं की गाडी शेवटी या दोन मालिकांपाशीच येऊन थांबते. मधे रोड ट्रिप्स नावाचा प्रकार होऊन गेला, पण त्यात बहुतेकदा दोनतीन रात्रींचे तुकडे एकत्र केलेले असतात त्यामुळे तो आत्ता बाजूला ठेवू. आणि स्टुडिओ अल्बम ऐकून "एवढं काय आहे या बँडमध्ये" विचारणाऱ्यांसाठी हे नाही, ज्यांना लाइव्ह टेपचा चस्का ऑलरेडी लागलाय आणि आता पैसे कुठे घालावेत या विचारात आहेत त्यांच्यासाठी आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. डिकचा कान भारी की डेव्हचा असा वाद घालणारे खूप भेटतात, पण त्या वादात फारसा दम नाही असं मला वाटतं. डिक लाटवाला हा मुळात टेपा गोळा करणारा अस्सल फॅन, तो पुढे बँडच्या टेपांचा सांभाळकर्ता झाला आणि १९९३ मध्ये त्याच्या नावाने ही मालिका सुरू झाली. पहिला भाग १९ डिसेंबर १९७३ चा टँपाचा शो. पण डिक ऑगस्ट १९९९ मध्ये गेला, आणि मालिका चालली २००५ पर्यंत, एकूण ३६ भाग. म्हणजे निम्म्याहून जास्त भाग तो गेल्यानंतर निघालेत आणि ते निवडण्यात मुख्य हात डेव्हिड लेमियूचाच, ज्याच्या नावाने २०१२ पासून डेव्हज पिक्स निघतेय. तर निवड करणारा माणूस बराचसा एकच आहे. फरक आहे तो टेप ज्या तऱ्हेने आपल्या हातात येते त्यात, आणि माझं घोडं अडलं ते तिथेच.

पण आधी आवाजाचं बोलू, कारण तिथे डेव्ह सरळ पुढे आहे आणि ते मान्य करायला हवं.

तुलना करायची तर एकाच दौऱ्यातले दोन शो घ्या. डिकचा तिसरा भाग म्हणजे २२ मे १९७७, फ्लोरिडातलं पेंब्रोक पाइन्स. डेव्हचा पहिला भाग म्हणजे २५ मे १९७७, व्हर्जिनियातल्या रिचमंडचं मॉस्क थिएटर. मधे जेमतेम तीन दिवस, बँड तोच, फॉर्म तोच, दोन्हीकडे रेकॉर्डिंग बेटी कँटर-जॅक्सनचं (बेटी बोर्ड्स म्हणून ज्या टेपांवर लोक जीव टाकतात ती हीच बाई). डिकचा भाग दोन सीडींत बसवलाय म्हणून काही गाणी गाळलीत. डेव्हचा तीन सीडींत अख्खा शो, पहिल्या गाण्यापासून एन्कोरपर्यंत, त्या संध्याकाळी झाला तसा. मास्टरिंग जेफ्री नॉर्मनचं. माझ्याकडे मोजमापाची यंत्रं नाहीत, जुना अँप्लिफायर आणि बुकशेल्फ स्पीकर एवढाच संसार, पण रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आवाज अगदी बारीक ठेवला तरी रिचमंडमध्ये फिल लेशचा बास स्वरन्‌स्वर कळतो. पेंब्रोक पाइन्समध्ये तो कळायला आवाज थोडा वर न्यावा लागतो. कदाचित माझ्या स्पीकरचाही दोष असेल.

डिकच्या डब्यांवर तर चक्क इशाराच छापलेला असायचा की बाबांनो ही जुनी टेप आहे, मॉडर्न रेकॉर्डिंग नाही, किरकोळ दोष असणार, बघून घ्या. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. मल्टिट्रॅक (प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर) वगैरे काही नाही, दोन ट्रॅकची टेप, मिक्स जो त्या रात्री झाला तोच कायम. डेव्हकडेही बहुतेक दोन ट्रॅकच असतात, पण तोवर तंत्र बरंच पुढे गेलेलं. पुढच्या काही भागांत तर प्लँजंट प्रोसेसेस नावाची पद्धत वापरलीय, ज्यात टेपचा वेग जरासा मागेपुढे झाल्याने सूर हलतो तो दुरुस्त करता येतो. पियानोचा लांब स्वर ऐका म्हणजे फरक लगेच कळेल.

रिचमंडच्या दुसऱ्या सेटची सुरुवात स्कार्लेट बिगोनियाज आणि त्यातूनच न थांबता फायर ऑन द माउंटन. त्या फायरचं मूळ बँडचाच ड्रमर मिकी हार्ट याच्या १९७६ च्या दिगा अल्बममधल्या एका तुकड्यात आहे, आणि त्या अल्बमवर आपले माहीमचे झाकीरभाई आहेत, हे माहीत असलं की तो ताल ऐकताना जरा जास्तच मजा येते.

तरीपण खरं सांगू का, कुणी विचारलं की मी हात घालतो तो पेंब्रोक पाइन्सला. सुरुवातीला ही मंडळी वाद्यं जुळवता जुळवता फुनिकुली फुनिकुला वाजवत टाइमपास करतायत, मग शो सुरू होतो, आणि थोड्या वेळाने शुगरी हे गाणं येतं. गिटारवाला जेरी गार्सिया पहिली सोलो घेतो ती साधीच, दुसरी जरा वर, आणि तिसऱ्यात तो एकच छोटा फ्रेझ इतक्या वेळा आणि इतक्या वेगाने घासत राहतो की अख्खा बँड त्याच्या मागून वर वर चढत जातो, आणि मग एकदम सगळे खाली उतरून हळू आवाजात कडवं. एवढं चालू असताना बास किती स्वच्छ आहे हे बघायला कोण बसलंय.

आता मुख्य तक्रार. डेव्हज पिक्स मोजक्या प्रतींत निघते आणि प्रत्येकीवर नंबर असतो. पहिल्या वर्षी प्रत्येक भागाच्या १२,००० प्रती, नंतर वाढवत वाढवत २५,००० पर्यंत नेल्या, पण संपल्या की संपल्या. वर्षाला चार भाग, वर्गणी आगाऊ, आणि ती भरताना वर्षभरात कुठले शो येणार ते धड माहीत नसतं. दिवाळी अंकाची आगाऊ नोंदणी करतो तसंच हे, फक्त हा अंक नंतर लायब्ररीतही सापडत नाही. वर एक बोनस डिस्क, जी फक्त वर्गणीदारांना मिळते आणि जिच्यावर बरेचदा त्याच दौऱ्यातल्या शेजारच्या शोचा मालमसाला असतो, म्हणजे सुटा भाग घेणाऱ्याला कायमची चुटपुट. भारतात मागवायचं तर पोस्टेज, कस्टम्स ही वेगळीच कटकट, त्यामुळे मी अमेरिकेतल्या मामेबहिणीच्या पत्त्यावर मागवायचो आणि ती दिवाळीत आली की बॅगेतून आणायची. हेही एकवेळ चाललं असतं.

जे चाललं नाही ते असं, की एक मित्र माझ्याकडे रिचमंड ऐकून वेडा झाला, घरी जाऊन शोधायला बसला आणि त्याला ती कुठेच सरळ भावात मिळेना. जुन्या प्रती विकणाऱ्यांकडे होती, पण मूळ किमतीच्या कितीतरी पट, आणि त्यातला एक पैसा ना बँडला ना टेप जपणाऱ्यांना. मग त्याने इंटरनेट आर्काइव्हवर जाऊन तो शो स्ट्रीम केला. (तिथल्या साउंडबोर्ड टेपा, म्हणजे शोच्या मिक्सरमधून थेट घेतलेल्या, २००५ पासून डाउनलोड होत नाहीत, नुसत्या ऐकता येतात.) त्यानंतर मला दरवेळी तेच जाणवायला लागलं, नवीन भाग आला, आवडला, कुणाला सांगायला जावं तर "कुठे मिळेल" या प्रश्नावर उत्तर नाही. या बँडचं सगळं गारूड उभं राहिलंय ते लोकांनी एकमेकांना टेपा कॉपी करून दिल्या म्हणून. ऑक्टोबर १९८४ पासून तर टेप करणाऱ्यांना शोमध्ये अधिकृत वेगळी जागाच द्यायला लागले होते, अट एवढीच की विकायचं नाही. त्या बँडच्या शोवर नंबर घालून विकायचं हे मला तरी पटत नाही. डिकच्या मालिकेचं तसं नाही, ती नेहमीच्या स्ट्रीमिंगवर आहे, सीडीही पुन्हा काढल्या गेल्यात. रात्री अकरा वाजता कुणाला मेसेज केला "हे ऐक" तर सव्वाअकराला तो ऐकत असतो.

आता दुसरी बाजूही आहे, नाही असं नाही. सीडी घेणारेच कमी झालेत, किती खपणार हे आधी पक्कं असलं तरच वर्षाला चार पूर्ण शो इतक्या निगुतीने काढणं परवडत असेल. मालिका पन्नाशी ओलांडून पुढे गेलीय, याचा अर्थ गणित जमतंय. आणि ज्यांना कपाटात ओळीने लावलेला संग्रह बघून समाधान मिळतं, शो एकही गाणं न गाळता हवा असतो, त्यांनी खुशाल डेव्ह घ्यावी, पश्चात्ताप होणार नाही. डिकच्या भागांतली गाळलेली गाणी मलाही कधीकधी खटकतात, नाही म्हणत नाही.

पण या मालिकांची नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी डिकचा चौथा भाग ऐकावा, फेब्रुवारी १९७० चं फिलमोर ईस्ट, बेअर म्हणजे बँडचा साउंडवाला ऑस्ली स्टॅनली, त्याचं रेकॉर्डिंग. त्यातलं डार्क स्टार जवळजवळ अर्धा तास चालतं, तेव्हा ते लावाल तेव्हा फोन लांब ठेवा. मग आठवा भाग, २ मे १९७० चं हार्पर कॉलेज, आधी अकूस्टिक आणि मग इलेक्ट्रिक. हे दोन आवडले तर पुढचा रस्ता तुम्हाला आपोआप सापडेल, नाही आवडले तर खिशाला काहीच चाट नाही. मी डेव्हची वर्गणी बंद केलीय, सुटा भाग रास्त भावात दिसला तर अजून घेतो. तेवढं रिचमंड मात्र कुणाला देणार नाही, घरी येऊन ऐका.