टीडीएस पेन: खाणपट्ट्यात राहत असाल तर घेण्याआधी वाचा

रेटिंग ५ पैकी २, आणि ते २ पण पेन बिघडलं नाही म्हणून. ऑनलाइन पाचशेच्या आत मिळतं, बटण दाबा, पाण्यात बुडवा, आकडा येतो. पण आमच्या गोव्यात डिचोलीकडे, लोहखनिजाच्या खाणी आहेत तिथे, लोक ते ज्यासाठी मागवतात ना, खाणीमुळे पाणी खराब झालंय का बघायला, त्याला त्याचा काही उपयोग नाही.

जुलैत डंपावरून (खाणीतल्या टाकाऊ मातीचा ढीग) वाहून आलेलं व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं पाणी, एकदम लालभडक, त्यात बुडवलं तर आकडा ६०. आणि सोबतच्या तक्त्यात ६० म्हणजे "उत्तम"! घ्या प्या आता. अहो ते पेन पाण्यातून वीज किती जाते तेवढंच मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतं. आपल्याकडे जांभा दगड, वर वर्षाला तीनेक हजार मिमी पाऊस, पाण्यात क्षार मुळातच कमी, आणि खनिजाची माती विरघळत नाही, नुसती तरंगते, ती पेनाला दिसणार कशी? वणी-चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणी आहेत, तिथल्या पाण्यात सल्फेट आणि कठीणपणा असतो, तिकडच्यांना थोडंफार कामाला येईल. आणि मांडवीच्या काठावर उन्हाळ्यात आकडा चढला तर लगेच खाणीवर ढकलू नका, भरतीचं खारं पाणी पण आत येतं.

त्यापेक्षा गढूळपणा मोजायची नळी घ्या. तळाला काळी-पांढरी चकती असते, ती दिसेनाशी होईपर्यंत पाणी ओतायचं आणि बाजूची खूण वाचायची, बस. पिण्याच्या पाण्याला आयएस १०५०० या भारतीय मानकात १ एनटीयू (गढूळपणाचं एकक), दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतं, नळी साधारण ५ च्या खालचं सांगत नाही पण व्हाळाला पुरे. लोहासाठी वेगळं किट लागतं. घरगुती युक्ती म्हणजे बाटली रात्रभर ठेवा, तळाला गाळ बसला तर माती, आणि काढताना स्वच्छ असलेलं पाणी नंतर पिवळट झालं तर विरघळलेलं लोह.

विहिरीची पातळी तर कुठलंच पेन सांगत नाही, आणि खरी भानगड तिथेच आहे. खाण भूजलाच्या खाली गेली की खड्ड्यातलं पाणी रात्रंदिवस उपसतात, वर ते भुसभुशीत खनिज स्वतःच पाणी धरून ठेवणारं, तेच काढून नेलं की आजूबाजूच्या विहिरी उतरणारच. वजन बांधलेली टेप घ्या, पहाटे पंप लावायच्या आधी मोजा, दर महिन्याला त्याच काठावरून, आणि वहीत तारखेसकट लिहा. २०१८ च्या मार्चपासून गोव्यातल्या खाणी बंद होत्या तेव्हाचे आकडे कोणी लिहून ठेवले असतील तर ते सोन्यासारखे जपा, आता लिलाव झालेले खाणींचे ब्लॉक सुरू होतायत तेव्हा तुलनेला तेच लागतील.

खाणीच्या जनसुनावणीत मात्र घरचे आकडे कोणी धरत नाही, तिथे एनएबीएल (अधिकृत मान्यता असलेल्या) लॅबचा रिपोर्ट घेऊन जा. लोहाची आणि गढूळपणाची बाटली वेगळी मागा, लोहाच्या बाटलीत अ‍ॅसिड घालतात.