‘१५०० काढून १८०० टाकून देतो’ : एका मार्क टू अँबॅसिडरच्या मालकाला कसं लुटलं

पुण्यातली १९७२ सालची मार्क टू अँबॅसिडर. पहिल्यापासून एकाच घरात, मूळ कागद जपलेले, गाडी चालू. मालकांना ती नव्यासारखी करून हवी होती आणि घाटात दम लागू नये म्हणून १४८९ सीसीच्या जुन्या इंजिनाच्या जागी १८१७ सीसीचं इसुझू (या जपानी कंपनीच्या रचनेचं इंजिन) हवं होतं. शहराबाहेरच्या एका गॅरेजवाल्याने सगळ्याची मिळून ठोक रक्कम सांगितली, चार महिन्यांचा वायदा केला आणि साठ टक्के आगाऊ घेतले. गाडी परत यायला दीड वर्ष लागलं. आली ती चकचकीत रंगात, पण बॉनेटखालच्या इंजिनाचा नंबर आरसीवर नव्हता, ते कुठल्या गाडीतून काढलं याचा एकही कागद नव्हता आणि मूळ इंजिन ‘भंगारात गेलं’ होतं. मालकांच्या संमतीने हे लिहितो आहोत. गॅरेजचं नाव देत नाही. प्रकरण अजून मिटलेलं नाही, आणि हीच पद्धत वापरणारे आणखीही आहेत, म्हणून नावापेक्षा पद्धत कळणं गरजेचं आहे.

या सौद्यातलं आमिष असं की अर्धी गोष्ट खरी असते. ‘साहेब, कंपनीनेच अँबॅसिडरला इसुझू लावलं होतं, आपण वेगळं काय करतोय?’ बरोबर आहे. नव्वदच्या दशकात हिंदुस्थान मोटर्सने १८०० आयएसझेड काढली, ७५ अश्वशक्तीची. पण कंपनीने नुसतं इंजिन बदललं नव्हतं. चार गिअरच्या जागी पाच गिअरचा बॉक्स आला, गिअरचा दांडा स्टिअरिंगवरून खाली फ्लोअरवर आला, माउंटिंग बदलली. म्हणजे जुन्या मार्क टूमध्ये हे इंजिन बसवायचं तर टनेल (फ्लोअरमधला गिअरबॉक्सवरचा उंचवटा) कापायचा, गिअरबॉक्सचा क्रॉस मेंबर नवा करायचा, प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याची) लांबी बदलायची, रेडिएटर बदलायचा आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीच्या ब्रेकचा विचार करायचा. ठोक रकमेच्या कोटेशनमध्ये यातली एकही ओळ नव्हती. ‘इंजिन स्वॅप कम्प्लीट’ एवढंच लिहिलं होतं. पुढची सगळी लूट त्या ‘कम्प्लीट’मध्ये बसली.

आधी कागदांचं, कारण तिथलं नुकसान भरून येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. बेकायदा फेरफारासाठी कलम १८२अ खाली दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गॅरेजवाला म्हणाला, ‘नंबर चढवायचं आमचा एजंट बघतो.’ एजंटने पैसे घेतले आणि एका अर्जाची झेरॉक्स दिली. सरकारी एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला तर इंजिन नंबर जुनाच. ही तपासणी फुकट आहे, दोन मिनिटांची आहे, आणि शेवटचा हप्ता देण्याआधी करायची आहे.

दुसरी गोष्ट मालकांना कुणी सांगितलीच नव्हती. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं. ही गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, पण जुनी गाडी जपणाऱ्याला ती नोंदणी मोलाची आहे. अट एकच: गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल नको. १९७२ ची गाडी या नियमात चपखल बसत होती. टनेल कापला आणि इंजिन बदललं, त्या दिवशी तो हक्क गेला. असल्या वयाच्या गाडीत मोठं इंजिन घालण्याआधी मालकाला हे सांगणं हे गॅरेजवाल्याचं कर्तव्यच आहे. आमचं स्पष्ट मत आहे की १९७५ पर्यंतच्या मूळ इंजिनाच्या गाडीला हात लावू नये. इसुझू हवंच असेल तर नंतरची, आधीच इंजिन बदललेली किंवा बिनइंजिनाची बॉडी शोधावी आणि आरटीओची परवानगी आधी, काम मागून.

मूळ इंजिन भंगारात गेलं म्हणजे कुठे गेलं? विकलं गेलं. आरसीशी जुळणाऱ्या नंबरचं इंजिन ही गाडीच्या किमतीतली मोठी बाब आहे आणि रिस्टोरेशन करणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. इंजिन उतरवतील त्याच दिवशी टेम्पो नेऊन ते घरी आणा. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर, स्टार्टर, डायनॅमो, मॅनिफोल्ड सगळ्यासकट. पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहिलं तरी चालेल.

आता नवं म्हणून घातलेलं इंजिन. नंबर ठोकायची सपाट जागा कारखान्यात मशीनवर फिरवलेली असते. तिच्यावर बारीक, एका दिशेच्या रेघा दिसतात. इथे त्या जागेवर इंजिन पेंटचा जाड थर होता. थिनरच्या फडक्याने पुसल्यावर खाली हँड ग्राइंडरचे अर्धगोल ओरखडे निघाले, अंकांची खोली कमीजास्त, एक आकडा कलंडलेला. याचा अर्थ समजून घ्या. मेरठच्या सोतीगंज बाजारात चोरीच्या गाड्या तासाभरात सुट्या होतात हे वर्षानुवर्षं सगळ्यांना माहीत होतं. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बाजार बंद पाडला. नंबर घासलेलं इंजिन तुमच्या बॉनेटखाली सापडलं तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जातो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून घ्या नाहीतर आणखी कुठून, पण ज्या गाडीतून इंजिन काढलं तिच्या आरसीची प्रत, विकणाऱ्याचं ओळखपत्र आणि इंजिन नंबर लिहिलेलं बिल, या तीन कागदांशिवाय इंजिन टेम्पोत चढू देऊ नका.

बिलात लिहिलं होतं: बोअर ०.५० ओव्हरसाइझ, नवे पिस्टन आणि रिंगा, क्रँक ग्राइंडिंग ०.२५, नवी मेन आणि बिगएंड बेअरिंग, हेड ओव्हरहॉल. म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून मोठे करणं आणि त्या मापाचे पिस्टन घालणं, क्रँक घासून त्याला जाड बेअरिंग बसवणं. हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवलं तेव्हा बोअरच्या वरच्या टोकाला नखाला अडेल अशी कड होती. ही कड म्हणजे वर्षानुवर्षं रिंगा जिथवर घासतात त्याच्या वर न झिजलेला भाग. बोअर खरंच मारला असता तर ती राहूच शकत नाही. बोअर गेजने मोजल्यावर बोअर मूळ ८४ मिलिमीटरचाच, खाली झिजून लंबगोल झालेला. पिस्टन जुनेच होते, फक्त रिंगा नव्या. जुन्या बोअरमध्ये नव्या रिंगा घातल्या की वरची रिंग प्रत्येक फेरीला त्या कडेवर आपटते आणि तुटते. दोन सिलिंडरमध्ये तसंच झालं होतं. सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) काढून बेअरिंगच्या वाट्या उलट्या केल्या तर पाठीवर ‘स्टँडर्ड’ची खूण. क्रँक ०.२५ ने घासला असता तर स्टँडर्ड बेअरिंग त्यावर सैल खेळलं असतं. म्हणजे क्रँक लेथवर चढलाच नव्हता.

मग डिलिव्हरीच्या दिवशी गाडी गुळगुळीत कशी चालली? मालक पोचले तेव्हा इंजिन आधीच गरम होतं आणि सम्पमध्ये घट्ट करणारं ॲडिटिव्ह ओतलेलं होतं. घट्ट तेलाने काही दिवस धूर आणि आवाज दोन्ही दबतात. म्हणून गेल्यागेल्या बॉनेट उघडून ब्लॉकला हात लावा. कोमट जरी लागला तरी ‘उद्या येतो, गाडी थंड ठेवा’ म्हणून परत फिरा. थंड स्टार्ट बघा, ऑइल फिलर कॅप काढून तिथून धूर किंवा वाफ किती येते ते बघा. मग इंजिन गरम झालं की चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून गेजने कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घ्या. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यात १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक नको. कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा घ्या: आकडा चढला तर रिंगा-बोअर, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. गेज तुमचा न्या.

पण खरी तपासणी याच्याही आधीची. हेड बसण्यापूर्वी पिस्टनच्या माथ्यावरच्या ओव्हरसाइझच्या आकड्याचा फोटो, बेअरिंगच्या पाठीचा फोटो, लेथवाल्याचं बिल गॅरेजच्या नव्हे तुमच्या नावावर, आणि काढलेले सगळे जुने भाग पोत्यात भरून परत. जुने पिस्टन दाखवता येत नसतील तर ते अजून इंजिनातच आहेत असं धरून चाला.

खालच्या कामात फसवणूक कमी आणि हलगर्जीपणा जास्त, पण पैसे पूर्ण घेतलेले. प्रोपेलर शाफ्ट कापून वेल्ड केला, बॅलन्स केलाच नाही. इंजिन मागे कललेलं बसलं होतं. गिअरबॉक्सचा मागचा फ्लँज आणि डिफरन्शियलचा पिनियन फ्लँज एकमेकांना समांतर हवेत, नाहीतर शाफ्टच्या दोन टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटची थरथर एकमेकांना खोडत नाही आणि साठ-सत्तरच्या वेगाला सीटखाली गुरगुर सुरू होते. मोबाइलमधल्या कोनमापकानेही हे दिसतं. डिफरन्शियल जुनंच ठेवलं होतं, त्यामुळे मोठं इंजिन टाकूनही हायवेवर ते ओरडतच राहायचं. रेशो मोजायला पुस्तक लागत नाही: एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं, गाडी न्यूट्रल, पुढच्या चाकांच्या पुढे-मागे दगड. उचललेलं चाक बरोब्बर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फेरे फिरला ते मोजा. तोच रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेरीमागे शाफ्टचे फेरे; दुसरं चाक स्थिर असल्याने एकाचे दोन फेरे घ्यावे लागतात. रेडिएटर १५०० चाच होता, पंख्याला श्राउड (हवा रेडिएटरमधूनच ओढली जावी म्हणून पंख्याभोवती असतं ते कडं) नाही. खंबाटकीत काटा लाल रेषेवर गेला यात नवल नव्हतं.

बॉडी. रंग बघून मालकांचे डोळे निवले होते, आणि पैसे त्याच क्षणी पूर्ण सुटले. फ्रिजचं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवलं तेव्हा दाराखालच्या सिलवर ते कुठे धरेच ना. खरवडलं तर आठेक मिलिमीटर पुट्टी, तिच्याखाली फायबरची जाळी, तिच्याखाली गंजाचा चुरा. कंपनीच्या रंगाची जाडी साधारण १००-१५० मायक्रॉन असते. जाडी मोजायचं गेज भाड्यानेही मिळतं. सिलमधली पाणी निचऱ्याची भोकं पुट्टीने बुजवली होती, म्हणजे पहिल्याच पावसाळ्यात आत पाणी तुंबणार. याहून गंभीर म्हणजे अंडरबॉडी कोटिंग. या गाडीचं पुढचं सस्पेन्शन टॉर्शन बारवर (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळईवर) आहे. बारचं मागचं टोक फ्लोअरखालच्या क्रॉस मेंबरमध्ये अडकतं आणि गाडीच्या पुढच्या भागाचा भार तिथे पेलला जातो. तिथला पत्रा गंजून पापुद्रे सुटलेले, त्यावर काळं कोटिंग थापलेलं. स्क्रू ड्रायव्हरने दाबल्यावर टोक आत गेलं. अशी गाडी रस्त्यावर आणायला देणं हा निव्वळ पैशांचा गुन्हा नाही.

बिलात पीयू (पॉलियुरेथेन) रंग होता. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थिनरचं फडकं अर्धा मिनिट दाबून धरलं तर फडक्यावर रंग उतरला. हार्डनर घालून नीट सुकलेला पीयू असा उतरत नाही; हा स्वस्तातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) होता.

ठोक रकमेत काम देऊ नका. सुटं करणं, पत्राकाम, प्रायमर, रंग, इंजिन, वायरिंग, जोडणी असे टप्पे पाडा, सुरुवातीला १५-२० टक्क्यांच्या वर देऊ नका आणि पुढचा प्रत्येक हप्ता झालेल्या कामावर द्या. पत्राकाम संपलं, प्रायमर अजून मारला नाही, त्या दिवशी स्वतः जा. गंजलेला पत्रा कापून नवा सीओटू वेल्डिंगने लावलाय की वरून पट्टी मारलीय, हे फक्त तेव्हाच दिसतं. महाग पार्ट स्वतः विकत घ्या. विम्याच्या कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर क्लेम अडेल.

गाडी अडकलीच असेल तर आधी लेखी नोटीस, स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सॲपवरही. गाडी परत घेताना बाहेरच्या, गॅरेजशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून फोटोंसह लेखी अहवाल करून घ्या, आणि तो होईपर्यंत इंजिन कुणाला दुरुस्त करू देऊ नका. एकदा नवे पिस्टन पडले की पुरावा गेला. सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. घासलेला नंबर किंवा परस्पर विकलेलं मूळ इंजिन हा पोलिसांचा विषय आहे: फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, विश्वासाने सोपवलेला माल विकणं कलम ३१६ खाली. तिथे जाताना आरसी, जुन्या इंजिन नंबरचा फोटो आणि पैसे दिल्याच्या बँक नोंदी सोबत ठेवा. या मालकांनी निम्मी रक्कम रोख दिली होती, आणि तेवढ्या भागाचा त्यांच्याकडे आज कसलाही पुरावा नाही.