दोरायाकी : काही महिने मनसोक्त खाल्ल्यानंतरचं मत

डोरेमॉनमुळे आपल्याकडच्या मुलांना डोराकेक माहीत असतो. तोच म्हणजे दोरायाकी, दोन गोल मऊ चकत्यांमध्ये गोड सारण भरलेली जपानी मिठाई. टोकियोत राहायला आल्यापासून मी ती नेमाने खातेय आणि आता ठामपणे सांगते: वरच्या गोल चकत्यांवर भाळू नका, आतलं सारण, म्हणजे आंको बघा.

आंको म्हणजे अझुकी या लाल कडधान्याचं साखरेतलं पुरण. त्याचे दोन प्रकार: कोशिआन गाळून गुळगुळीत केलेलं असतं, त्सुबुआनमध्ये दाणे सालीसकट राहतात. दोरायाकीत मला त्सुबुआनच हवं. चांगल्या दुकानातलं असेल तर दाणा जिभेने टाळूवर दाबला की फुटतो, साल दातांत राहत नाही आणि गोडाच्या मागून कडधान्याची स्वतःची चव येते. पाकीटबंद स्वस्त दोरायाकीत नेमकी हीच चव हरवते. नुसती साखर लागते. जपानातली बहुतेक अझुकी उत्तरेच्या होक्काइदो बेटावर पिकते आणि त्यातही तिथल्या तोकाची भागातल्या अझुकीचा मान मोठा.

आजचं दोन चकत्यांचं रूप फारसं जुनं नाही. एदो काळात (1603 ते 1868) एकाच चकतीत सारण घालून कडा दुमडत, असं सांगतात. दोन चकत्यांचं श्रेय टोकियोतल्या उएनो भागातल्या उसागिया या मिठाईच्या दुकानाला दिलं जातं, साल 1914. चकत्यांचं पीठ अंडी, साखर, मैदा आणि मधाचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर नागासाकीत आलेल्या कासुतेरा या स्पंज केकच्या जवळचं. नारा-ओसाकाकडे हीच मिठाई 'मिकासा' नावाने मिळते.

उसागियाची दोरायाकी शक्य असेल तर कोमट असतानाच खावी. चकती बोटांत दबते, मधाचा वास आधी येतो आणि आंको ओलसर, जवळजवळ ओघळणारं असतं. सोबत बिनसाखरेचा हिरवा चहा हवाच, नाहीतर अर्ध्यातच गोड मिट्ट होतं.

फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. चकत्या कोरड्या पडतात, आंको घट्ट होतं. उरलीच तर एकेक नीट गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका आणि खायच्या आधी बाहेर काढून ठेवा. माझ्याकडे हे दर वेळी जमलंय. क्रीम भरलेली 'नामा' दोरायाकी अर्थात फ्रिजातलीच, पण त्यात क्रीमच पुढे येतं, म्हणून मी ती घेणं सोडलं.

शाकाहारी मंडळींसाठी: आंकोत सहसा फक्त अझुकी, साखर आणि चिमूटभर मीठ, पण चकत्यांत अंडं असतंच. अंडं चालत नसेल तर मिठाईच्या दुकानात दाइफुकु मागा, तांदळाच्या पिठाच्या मऊ पारीत हेच आंको मिळेल. पाकिटावरचे घटक तेवढे वाचून घ्या.