उलटी बसवलेली हार्ड डिस्क आणि ‘नव्या’ मालाचं बिल

एका छोट्या कर-सल्लागार कार्यालयाने दुकानातून जोडून घेतलेला डेस्कटॉप. बिलात ‘हार्ड डिस्क 2 टीबी’ एवढंच लिहिलेलं, तोंडी मात्र ‘नवी, सीलबंद’. आठ महिन्यांत फाइल उघडायला वेळ लागू लागला, मग विंडोज सुरूच होईना. दुकानदाराचं उत्तर तयार होतं : कॅबिनेटमध्ये धूळ आहे, डिस्क तापली, हे फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही. दुसरी डिस्क घ्या.

कॅबिनेट उघडल्यावर डिस्क खणात उलटी दिसली. सर्किट बोर्ड वर, लेबल खाली. उलटी बसवणं ही चूक नव्हे. आडवी, उभी, कुशीवर किंवा उलटी, स्क्रू नीट आवळलेले असतील तर उत्पादक कोणतीही स्थिती मान्य करतात. त्यामुळे विचारलं तर ‘कंपनीच असं चालतं म्हणते’ हे उत्तर मिळतं आणि ते खोटंही नसतं. पण आडव्या खणात लेबल वर ठेवून डिस्क सरळ आत जात असताना ती कोणी मुद्दाम उलटी का बसवेल? लेबलवर अनुक्रमांक, मॉडेल आणि बहुतेक वेळा उत्पादनाची तारीख असते. या डिस्कवरची तारीख बिलाच्या चार वर्षं आधीची होती. वर कॅबिनेटच्या पत्र्याला, स्क्रूवर अर्धा येईल असा ‘काढल्यास वॉरंटी रद्द’ हा दुकानाचा स्टिकर. तो डिस्कच्या उत्पादकाचा नसतो. गिऱ्हाइकाने आत डोकावू नये म्हणून लावतात.

खरा पुरावा डिस्कच्या पोटातच असतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ‘स्मार्ट’ नोंदी, म्हणजे डिस्कने स्वतःच्या वापराची आणि तब्येतीची ठेवलेली नोंद, वाचून दाखवतं. इथे चालू तास होते सुमारे 30,800 आणि चालू-बंद होण्याची संख्या 260. कार्यालय रोज नऊ तास चालतं असं धरलं तर आठ महिन्यांचे तास होतात जेमतेम 1,800 आणि चालू-बंद सुमारे 200. म्हणजे उरलेले 29,000 तास ही डिस्क अवघ्या साठेक वेळा चालू होऊन फिरली आहे, तेही सव्वातीन वर्षं रात्रंदिवस. घरच्या किंवा ऑफिसच्या संगणकाचा हा नमुना नाही. सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरमधून काढलेल्या डिस्कचा असा असतो. नुसते तास बघू नका, ते चालू-बंदच्या संख्येशी ताडून बघा. वर्षाचे एकूण तास 8,760, हा आकडा लक्षात ठेवला की हिशेब तोंडी होतो.

त्याच यादीतल्या आणखी काही ओळी बघाव्यात. 05 म्हणजे बदलून दिलेले खराब सेक्टर (सेक्टर म्हणजे डेटा साठवायचा लहानसा कप्पा), सी5 म्हणजे संशयित सेक्टर, सी6 म्हणजे वाचताच न आलेले. नव्या डिस्कवर तिन्ही शून्य हवेत. (यादीतले मूळ आकडे सोळाच्या पद्धतीत, म्हणजे हेक्साडेसिमलमध्ये दिसतात, सेटिंगमधून दशमान करून घ्या.) सी7 मात्र निराळा. तो वाढत असेल तर दोष बहुधा साटा केबलचा (डिस्क मदरबोर्डला जोडणारी डेटाची तार) किंवा ढिल्या जोडाचा असतो. केबल बदलून भागणार असताना ‘डिस्क गेली’ सांगून नवी विकणारेही आहेत.

आता ‘डिस्क तापली’ या आरोपाकडे येऊ, कारण त्यात अर्धं तथ्य होतं आणि ते दुकानाच्याच हातचं. डिस्क एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याचा डबा) अगदी वरच्या खणात होती, पुढच्या पंख्याच्या वाऱ्यापासून दूर. पुढून हवा आत घेणाऱ्या पंख्यामागचा खण ही तिची जागा. दोन डिस्क असतील तर मधे एक खण रिकामा सोडावा. तापमान 30 ते 45 अंशांत राहिलं तर ठीक. सतत 50 च्या वर जात असेल तर जागा बदला. डेस्कटॉप डिस्कची कमाल मर्यादा साधारण 60 असते, पण ती रोज गाठायची नसते.

स्क्रू फक्त दोन होते, दोन्ही एकाच बाजूला. हे तर सर्रास दिसतं, कारण दुसऱ्या बाजूचे स्क्रू लावायला मदरबोर्डमागचा पत्रा काढावा लागतो आणि तेवढा वेळ कोणी देत नाही. मग लोंबती बाजू थरथरते. डिस्क मिनिटाला 5,400 किंवा 7,200 फेरे घेते आणि डेटा ज्या गोल रेघेवर लिहिला जातो त्या ट्रॅकची रुंदी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असते. डेटा वाचणारं-लिहिणारं हेड जागेवरून हललं की तेच वाचन पुन्हा करावं लागतं, म्हणून संगणक मंदावतो. 3.5 इंची डिस्कला जाड आट्यांचे 6-32 स्क्रू लागतात, बाजूंना दोन-दोन, एकूण चार. बारीक आट्यांचे एम3 हे 2.5 इंची डिस्कचे आणि एसएसडीचे. ते मोठ्या डिस्कला लावले तर घट्ट बसल्यासारखे वाटतात, पण धरत नाहीत. लांब स्क्रू घुसवला तर आत बोर्डाला लागू शकतो. डिस्क कॅबिनेटच्या तळाशी नुसती ठेवणं किंवा दुहेरी टेपने चिकटवणं तर नकोच. बोर्ड पत्र्याला टेकून शॉर्ट होतो.

आणखी एक गोष्ट सापडली : दुकानाचा दुसरा वॉरंटी स्टिकर, हा डिस्कवर, नेमका श्वासछिद्रावर. ‘हे छिद्र झाकू नका’ असं तिथे छापलेलं असतं. हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं आणि आतबाहेरचा दाब त्या छिद्रातून सारखा होतो. हेलियम भरलेल्या बंद डिस्कला असं छिद्र नसतं.

स्मार्टच्या नोंदी पुसून शून्य करणारेही आहेत. 2025 च्या सुरुवातीला जर्मनीत उघड झालेल्या प्रकरणात वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. स्मार्टमध्ये तास जवळपास शून्य, पण कंपनीच्या ‘फार्म’ या वेगळ्या नोंदीत हजारो तास. सीगेट डिस्कवर ही नोंद स्मार्टमॉनटूल्स या मोफत सॉफ्टवेअरच्या 7.4 किंवा पुढच्या आवृत्तीतून वाचता येते. पुसण्याची कला पुढे सरकते आहे, त्यामुळे डोळ्यांनीही तपासा. स्क्रूच्या भोकांभोवती रंग उडून चकाकी आली असेल तर डिस्क आधी कुठेतरी आवळलेली होती. साटाच्या सोनेरी पट्ट्यांवर एखादी बारीक रेघ कारखान्यातल्या चाचणीचीही असू शकते, अनेक रेघा नव्हेत.

दुकानात क्रम असा ठेवा. डिस्क बसवण्याआधी हातात घ्या, लेबलचा फोटो काढा, अनुक्रमांक उत्पादकाच्या वॉरंटी पानावर तिथेच टाका. वॉरंटी संपलेली किंवा दुसऱ्या संगणक कंपनीला पुरवलेली असं दिसलं तर ती घेऊ नका. तोच अनुक्रमांक जीएसटी बिलावर लिहून घ्या. संगणक जोडल्यावर त्याच टेबलावर क्रिस्टलडिस्कइन्फो चालवायला सांगा आणि पडद्याचा फोटो ठेवा. 2 टीबीच्या जागी विंडोज 1.81 दाखवते, त्यावर भांडू नका. तो मोजणीच्या पद्धतीतला फरक आहे.

फसवणूक झालीच असेल तर आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवा, कारण सी5 वाढू लागलेली डिस्क किती दिवस चालेल याचा भरवसा नाही. मग पत्रा उघडतानाचे, स्क्रूंचे, लेबलचे आणि नोंदींचे फोटो जोडून दुकानाला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. डिस्क मात्र पोच घेतल्याशिवाय दुकानात ठेवून येऊ नका, आणि पोचपावतीवर अनुक्रमांक हवाच.