विली वोंकाची डीव्हीडी: घ्या, पण कव्हर वाचून घ्या

‘विली वोंका अँड द चॉकलेट फॅक्टरी’ १९७१ चा पिक्चर, बहुतेकांनी टीव्हीवर तुकड्या-तुकड्यात तरी बघितलेला असेल, त्यामुळे स्टोरी सांगत बसत नाही. डीव्हीडी घ्यायची ती कमेंट्री ट्रॅकसाठी. पिक्चरमध्ये फॅक्टरी बघायला जाणारी पाचही पोरं मोठी झाल्यावर एकत्र बसून पिक्चरवर गप्पा मारतात, आणि त्यात चार्ली झालेला पीटर ऑस्ट्रम पण आहे, ज्याने अख्ख्या आयुष्यात हा एकच पिक्चर केला.

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला मुलांच्या नाटकात काम करणारा १२ वर्षांचा पोरगा, १९७० मध्ये म्युनिकला जाऊन शूटिंग करून आला, मग तीन पिक्चरचं कॉन्ट्रॅक्ट समोर आलं तर हा सरळ नको म्हणाला. घरी घोडा घेतला होता, त्याला बघायला येणारा डॉक्टर आपल्या कामात किती खूश आहे हे याच्या डोक्यात बसलं, आणि १९८४ ला कॉर्नेल युनिव्हर्सिटीतून स्वतःच जनावरांचा डॉक्टर होऊन बाहेर पडला. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या लोव्हिल गावात गाई-घोड्यांची प्रॅक्टिस. नातेवाइकांनी वेड्यात काढलं की नाही देव जाणे!

कमेंट्री ऐकून झाली की शेवटचा ऑफिसातला सीन परत लावा. वोंका झालेला जीन वाइल्डर चार्लीवर खेकसतो तेव्हा पोराचा उतरलेला चेहरा अगदी खरा आहे, कारण तो एवढा ओरडणार हे त्याला आधी सांगितलंच नव्हतं. पण नंतर चार्ली मागे फिरून वोंकाने दिलेली ती गोळी गुपचूप टेबलावर ठेवतो ना, तिथे पोरगा अॅक्टर आहे बॉस, रडारड नाही, डायलॉगबाजी नाही. एवढं जमत असून सोडलं म्हणून आपल्यालाच चुटपुट लागते, त्याला नाही.

मेकिंगची अर्ध्या तासाची डॉक्युमेंटरी मस्त आहे, फक्त तिचा सगळा जीव सेटवरच्या किश्श्यांत, ऑस्ट्रमने सोडलं त्याबद्दल मला अजून पाहिजे होतं.

आणि हो, २००१ ला पिक्चरला ३० वर्षं झाली म्हणून ही डीव्हीडी काढली तेव्हा आधी नुसती फुलस्क्रीन (जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाची) आली, लोकांनी बोंबाबोंब केल्यावर त्याच वर्षी वाइडस्क्रीन (थिएटरसारखी रुंद) आली, म्हणून सेकंडहँड घेणार असाल तर कव्हर नीट वाचा. ब्लू-रेवर पण हीच कमेंट्री आहे. ४० व्या वर्षाच्या बॉक्समध्ये वासाच्या पेन्सिली नि खोडरबर आहेत, त्यासाठी जास्तीचे पैसे घालायची गरज नाही.